आबांच्या आक्काला

मॅडम,

तुमची बदली झाली त्या दिवशी मी भात लावायला गेले होते. भेट राहूनच गेली, म्हणून हे पत्र.

तुम्ही आबांना पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा सगळी आळी त्यांना म्हातारचळ लागलाय म्हणायची. आम्हीही त्यातलेच. त्याआधी एकदा साताऱ्याला नेलं होतं. एसटीतून दोनदा उतरायला उठले, दवाखान्याच्या रांगेत तीन तासांनी बिथरले आणि डॉक्टरांपुढे तोंडातून शब्द नाही. परत येताना रडकुंडीला मी आले होते. पुन्हा न्यायचं नाही, असं ठरवूनच टाकलं होतं.

मग तुम्ही आरोग्य उपकेंद्रातला टॅब घेऊन आमच्या ओट्यावर बसलात. ई-संजीवनीवरच्या, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ-दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?" आबा गप्प. तुम्ही म्हणालात, "आबा, आज बाजार कुठला?" तेव्हा बोलले. चुकीचं बोलले, पण बोलले. डॉक्टरांनी घर फिरवून दाखवायला सांगितलं. चूल, न्हाणीचा उंबरा, परसातली विहीर. रांगेत बसून विहीर कुणाला दिसली असती? त्याच आठवड्यात यांनी तिच्यावर जाळी बसवली.

बी-१२ किंवा थायरॉईडमुळेही विसरायला होतं, म्हणून आधी रक्त तपासलं. स्कॅनसाठी साताऱ्याची एक खेप चुकली नाहीच, तेवढं व्हिडिओवर होत नाही.

खरं सांगू? त्या टॅबचं मला फार कौतुक नव्हतं. रेंज जायची, आणि दर वेळी समोर नवा डॉक्टर. पहिल्यापासून सगळं सांगायचा मला वीट यायचा. तुम्ही शंभर पानी वही आणून दिलीत. झोप किती, गोळी कुठली चुकली, दिवेलागणीला "घरी जायचं" म्हणून किती वेळ हट्ट धरला. नव्या डॉक्टरांना तुम्ही दोन मिनिटांत वाचून दाखवायचात. त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर १४४१६ लिहून दिलात, तो आबांसाठी नाही, माझ्यासाठी. एका रात्री लावला. मराठीत बोलल्या बाई, घाई न करता.

आबा तुम्हाला आक्का म्हणायचे. त्यांची ही बहीण वारून वीस वर्षं झाली. मी दर वेळी खोडून काढायचे, ते चिडायचे. तुम्ही बीडच्या, त्यांच्या नातीच्या वयाच्या, पण "आले हो आबा" म्हणून त्यांच्या हातातला चहा घ्यायचात. वाद घालायचा नाही, हे डॉक्टर सांगत होते. मला कळलं ते तुमचं बघून.

वही आता मी लिहिते. काल संध्याकाळी विचारलं, आक्का कधी येणार? मी म्हटलं, बाजारादिवशी.

तुमची,
काकू