परसातल्या चार कोंबड्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. परसात चार कोंबड्या पाळायचे तुझे ठरले आहे आणि ‘सर्वांत जास्त अंडी देणारी जात कोणती’ एवढेच तू विचारले आहेस. नेमका हाच प्रश्न विचारून मी पहिल्या खेपेला फसलो होतो, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

नुसती संख्याच हवी असेल, तर व्हाइट लेगहॉर्नला तोड नाही. अंगाने सडसडीत, खाणे बेताचे आणि चांगल्या देखभालीत वर्षाला 280 ते 300 पांढरी अंडी. मीही तीच आणली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तिघी कुंपणाच्या भिंतीवर ओळीने बसलेल्या, आणि मी दाण्याचे ताट घेऊन पुढे होताच तिघीही पलीकडे शेजाऱ्यांच्या आवारात उतरल्या. जात बुजरी आणि उडण्यात तरबेज. अंडी देण्यात मात्र तिने कधी कुचराई केली नाही, हे कबूल करायलाच हवे. कडक उन्हाळाही ती चांगला सोसते, कारण तिच्या मोठ्या तुऱ्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते. हाच तुरा कडाक्याच्या थंडीत मात्र गोठून काळा पडतो.

अंड्यांच्या व्यवसायासाठी तयार केलेल्या तपकिरी संकरित कोंबड्या पहिल्या वर्षी तीनशेच्या पुढे जातात, पण त्यांचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत आणि दोनेक वर्षांनंतर अंडनलिकेचे विकार त्यांना लवकर गाठतात. व्यावसायिक तोवर कळप बदलून मोकळा होतो. तुझी मुले आठवड्याभरात चौघींचे बारसे उरकतील, मग तिसऱ्या वर्षी तू काय करणार?

म्हणून माझे मत ऑस्ट्रालॉर्प किंवा ऱ्होड आयलंड रेड यांच्या बाजूने आहे. दोन-दोन घेतल्यास तरी हरकत नाही. ऑस्ट्रेलियात 1922-23 मध्ये सहा ऑस्ट्रालॉर्प कोंबड्यांनी 365 दिवसांत 1857 अंडी दिली होती. तो विक्रम झाला. परसात वर्षाला 200 ते 250 धरून चाल. काळी कुळकुळीत, संथ चालीची ही कोंबडी मुलांनी उचलून घेतली तरी कांगावा करत नाही. ऱ्होड आयलंड रेड जास्त काटक, पण थोडी दांडगट. दाण्यावर पहिला हक्क तिचाच. ऑर्पिंग्टन दिसायला गोजिरवाणी असली तरी वारंवार खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडते, आणि एकदा बसली की काही आठवडे अंडे विसरायचे. सिल्कीचे तर विचारूच नकोस!

कवचाच्या रंगावरून जात ठरवू नकोस. पांढरे असो वा तपकिरी, आतल्या सत्त्वात त्याने फरक पडत नाही.

पिलांऐवजी सोळा ते अठरा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या घे, मात्र हाताने चाचपून. मला एका विक्रेत्याने तलंगा म्हणून दुसऱ्या वर्षातल्या कोंबड्या गळ्यात मारल्या होत्या. शेपटीखाली, अंडे बाहेर पडते त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे लागतात. अंड्यावर न आलेल्या तलंगेत त्यांच्यामध्ये जेमतेम एक बोट मावते, अंडी देणाऱ्या कोंबडीत दोन-तीन बोटे सहज मावतात. पायांवरचे खवलेही गुळगुळीत हवेत.

दिवस लहान झाले आणि पिसे झडू लागली की कोणतीही जात हात आखडता घेते, तेव्हा माझ्यावर चिडू नकोस. कोंबडा मात्र आणू नकोस. अंड्यांसाठी त्याची गरज नसते, आणि पहाटे साखरझोपेत असताना तुला माझी आठवण चांगल्या शब्दांत येणार नाही.

खुराड्याची लांबी-रुंदी कळव, म्हणजे चौघी मावतील की तिघींवरच थांबावे ते सांगतो.

तुझाच,
जुना मित्र