जून नको, अष्टमीला ये

पुणे,
बुधवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

स.न.वि.वि. वगैरे सगळं गृहीत धर. तुझं पत्र आज आलं आणि जेवता जेवता दोनदा वाचलं. एक फोटो बघून तू थेट मासे धरायला कयाक, म्हणजे ती वल्ह्याची अरुंद होडी, विकत घ्यायला निघालास, तेही वहिनींना न सांगता! आधी ती ऑर्डर थांबव. माझी एक आहे, दुसरी उसनी मिळते. या धुडाचं वजन तीसेक किलो भरतं. दुसऱ्या मजल्यावर चढवताना काय होतं ते माझ्या पाठीला विचार.

आता तुझ्या जूनच्या बेताचं. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, पण ती इंजिनाच्या बोटींना, आपल्याला कुठे इंजिन आहे, हा तुझा मुद्दा वकिली म्हणून झकास आहे. पण ज्यांच्या सात पिढ्या पाण्यावर गेल्या ते लोक त्या दिवसांत होड्या वर ओढून झापांनी झाकून ठेवतात, आणि आपण दोघं सदाशिव पेठेत वाढलेले गडी प्लॅस्टिकच्या होडीतून समुद्रात शिरणार? नारळी पौर्णिमेला ते दर्याला नारळ उगाच देत नाहीत. पावसाळ्यात वर नुसता ढग दिसला तरी खाली खाडीच्या तोंडावर लाटा फुटत असतात.

ते तोंड मी बघितलंय, म्हणून लिहितोय. तुला फोनवर बोललो नव्हतो. गेल्या फेब्रुवारीत ताम्हिणी उतरून अंजर्ल्याला गेलो होतो, एकटाच. सकाळी पाणी इतकं शांत होतं की कड्यावरच्या गणपतीला खालूनच हात जोडून मी खाडीतून बाहेर पडलो. पहाटेचे मतलई वारे पाठीवर, सुवर्णदुर्ग डाव्या हाताला. बाहेर खडकापाशी दोन छोटे गोब्रे मिळाले आणि डोक्यात हवा गेली. परतायला बारा वाजवले. त्रयोदशी होती, म्हणजे उधाणाच्या जवळचं पाणी आणि ओहोटी अगदी जोरात. खाडीतलं सगळं पाणी बाहेर धावत होतं, आणि तोवर वारा फिरून समुद्राकडून सुटला होता. वारा आत, पाणी बाहेर. दोघांची गाठ पडते तिथे लाटा पुढे सरकत नाहीत, जागच्या जागी उभ्या राहतात. आखूड आणि खड्या. मी दहा मिनिटं जीव तोडून वल्हवलं आणि बाजूला बघितलं, तर किनाऱ्यावरचा तोच माड, तिथेच! मग जरा आडवा झालो आणि उलटलोच.

पानशेतला एकदा उलटण्याची तालीम केली होती म्हणून वाचलो. कयाक सुलटी करायची, मधोमध पोटावर चढायचं, मग पाय आत. तिथे पहिल्या खेपेला जमलं होतं, इथे तिसऱ्या. वल्हं दोरीने बांधलेलं होतं, ते राहिलं. एक गळ बांधला नव्हता, तो अजून अंजर्ल्याच्या तळाशी असेल. खाडीचा नाद सोडला, वाऱ्याबरोबर बाजूच्या वाळूवर लागलो आणि कयाक ओढत गाडीपर्यंत आलो. तिथे जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने एकच विचारलं, आज तिथी कुठली? मला माहीतच नव्हती! आपण कालनिर्णय बघतो ते चतुर्थी कधी आहे एवढ्यापुरतं.

त्यानेच हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्रयोदशीला पावणेदहा, अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, आकडा तोच, आणि सकाळी जी वेळ तीच साधारण संध्याकाळी. मिनिटाचा हिशोब नाही, पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवर समुद्र टांगलेला आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

म्हणून तू अष्टमीला ये. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी लहान, ओढ कमी. भरती पहाटे सहाला, म्हणजे उजाडता उजाडता पाणी उतरायला लागलेलं असतं. आपण बाहेर जायचंच नाही. खाडीत आत, कांदळवनाच्या कडेने. पाणी उतरतं तशी बोय आणि कोळंबी त्या बारीक ओहोळांतून बाहेर पडते, आणि ओहोळाच्या तोंडाशी जिताडा दबा धरून बसलेला असतो. आमिष तिथे आवाज न करता टाकायचं. कयाकची खरी मजा इथे आहे. इंजिनाची घरघर नाही, हातभर पाण्यातही शिरते, आणि मासा लागला की तो कयाकलाच ओढत नेतो. त्यामुळे दोरी सहसा तुटत नाही, फक्त मुळांत घुसू द्यायचा नाही.

मागच्या मार्गशीर्षात मला असाच एक लागला. मीटरभर तरी असेल. कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी, माझा अंगठा कापला. मी सोडून दिला. जिताडा जन्मतः नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो, त्यामुळे एवढी मोठी म्हणजे बहुतेक अंडी घालणारी आई. ही गोष्ट घरी सांगितली तर ही म्हणाली, "मग जेवायला काय, गोष्ट?" येताना गणेश पेठेतून सुरमई आणली होती, पण ती मी धरलेली नाही हे तिला वासावरून कळलं.

तुला शिंगाळा लागला तर हात लावू नकोस, मला हाक मार. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा, थर्मास मी घेतो. तू लाइफ जॅकेट स्वतःच्या मापाचं घे. माझ्या जॅकेटात तुझं पोट मावणार नाही, राग मानू नकोस. आणि आदल्या आठवड्यात पानशेतला चार वेळा उलटायचं, थंडी असली तरी. त्याशिवाय मी तुला खारं पाणी दाखवणार नाही.

दिवाळीनंतरच्या दोन-तीन अष्टम्या बघून तारीख कळव. मार्गशीर्षातला गुरुवार तेवढा टाळ, नाहीतर जिताडा घरी आणूनही उपयोग नाही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू