जाण्याचा खर्च कोण मोजणार?

मा. संपादक, स. न.

कालचा अग्रलेख दोनदा वाचला. मधला एखादा परिच्छेद छापायचा राहिला असावा, असे पहिल्या वाचनात वाटले. तसे काही नव्हते. स्थलांतरित कामगार मायदेशी धाडतात त्या पैशाचे आपण तोंड भरून कौतुक केले आहे. 2023 साली गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना असे 650 अब्ज डॉलरच्या आसपास मिळाले, थेट परकीय गुंतवणुकीपेक्षाही जास्त. जागतिक बँकेचा आकडा आहे, वाद नाही. पण हा पैसा कमवायला माणूस तिथवर पोचतो कसा, यावर एक ओळही नसावी?

मी पोचलो तो व्याजाने काढलेल्या पैशांवर. एजंटाने सही घेतली ती वेल्डरच्या कामासाठी. तिकडे उतरल्यावर दुसराच कागद पुढे आला. मजकूर वाचता येईना, काम हेल्परचे, पगार ठरल्यापेक्षा बराच कमी. पासपोर्ट तोवर कंपनीच्या कपाटात गेला होता. सही केली नसती तर परतीचे तिकीट काय एजंट काढणार होता? वर्ष उलटले तरी मी पाठवलेला पैसा घरात टिकत नव्हता. आला तसा सावकाराकडे जायचा. त्या सालच्या बेरजेत तोही धरलेला असणारच. विकास झाला, नाही असे नाही. सावकाराचा झाला.

हे माझे एकट्याचे रडगाणे नव्हे. खासगी भरती एजन्सीने कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1997 च्या करारातच आहे. नोकरी मिळवायला कामगाराने किती मोजले आणि तिकडच्या महिन्याच्या कमाईशी त्याचे प्रमाण काय, हा तर संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला एक निर्देशांक आहे. म्हणजे मोजायचे कसे हे ठाऊक आहे! पैसे पाठवण्याचा खर्च 2030 पर्यंत 3 टक्क्यांखाली आणायचा, हेही तिथेच लिहिले आहे. जगाची सरासरी अजून 6 टक्क्यांच्या वर आहे. आपल्या विद्वान अग्रलेखकाराला जमाखर्चातली फक्त जमा दिसली.

आणि हे जुनेच आहे. 1942 पासून मेक्सिकोचे मजूर करारावर अमेरिकेतल्या शेतांत राबायला गेले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतले 10 टक्के 'बचत' म्हणून कापून घेतले; परतल्यावर हजारोंच्या हाती त्यातले काही पडले नाही. अर्थव्यवस्थेला हातभार मात्र दोन्हीकडे लागला म्हणे.

जाता जाता आणखी एक. ज्या अंकात हा अग्रलेख आहे, त्याच अंकातल्या छोट्या जाहिरातींत 'परदेशी नोकरी, व्हिसा ताबडतोब' असे तीन चौकोन आहेत. खाली नुसते मोबाइल क्रमांक. ना पत्ता, ना एजंटाचा नोंदणी क्रमांक. जाहिरात घेताना आपण तो विचारता की नाही, एवढे छापून कळवावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार