रोमन चिल्लरीकडे दुर्लक्ष नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला रोम-भारत व्यापारावरचा लेख वाचला. तो सोन्याचांदीच्या नाण्यांभोवतीच फिरतो आणि दुसऱ्या शतकानंतर व्यापार ओसरला असे सांगून थांबतो. चौथ्या-पाचव्या शतकांतल्या ब्राँझच्या नाण्यांचा त्यात साधा उल्लेखही नाही, हे फार खटकले.

रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ. स. २९४च्या सुमारास सुमारे दहा ग्रॅम वजनाचे, चांदीचा पातळ मुलामा दिलेले नाणे काढले. पुढच्या पन्नास वर्षांच्या आत ब्राँझचे नेहमीच्या वापरातले नाणे दीड ग्रॅमच्या आसपास आले. ही घसरण नाण्याच्या छापातही दिसते. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातल्या ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’ (म्हणजे ‘सैन्याचा गौरव’) या नाण्यावर मागच्या बाजूला दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये दोन ध्वजदंड असतात. ३३५च्या सुमारास नाणे आणखी लहान झाले आणि ध्वजदंड एकच उरला; सैनिक मात्र दोघेही राहिले. त्यांच्या पायाखालच्या रेघेखाली टाकसाळीची खूण असते, त्यावरून नाणे अँटिऑकचे (आजच्या तुर्कस्तानातले) की ट्रियरचे (आजच्या जर्मनीतले) हे ओळखता येते. नखाएवढ्या तुकड्यावर एवढी माहिती मिळते.

अशी नाणी तमिळनाडूत कारूरला अमरावतीच्या पात्रात आणि मदुराईत सापडली आहेत. श्रीलंकेत तर ती हजारोंनी मिळाली, इतकी की तिथे त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. सोने धातूच्या मोलासाठी कोणीही साठवेल. पण ग्रॅमभर ब्राँझची नक्कल लोक करतात ती रोजच्या देवघेवीत मोड लागते म्हणून. ही नाणी कोणी आणि कोणत्या वाटेने आणली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही पश्चिमेकडचा समुद्रमार्ग तेव्हा बंद पडला नव्हता, एवढे त्यांवरून नक्की म्हणता येते.

वाचकांनाही एक कळकळीची विनंती. नदीच्या वाळूत हिरवट पडलेले नाणे मिळाले, तर चिंच किंवा लिंबू लावून घासू नका. टाकसाळीची ती बारीक अक्षरे सगळ्यात आधी जातात. ते कुठे सापडले ते मात्र लगेच लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेची नोंद नसेल, तर अभ्यासाच्या दृष्टीने त्या नाण्याचे निम्मे मोल जाते.

त्या लेखाचा पुढचा भाग या ब्राँझच्या नाण्यांवर काढावा आणि छायाचित्रे मूळ आकारात छापावीत, म्हणजे ती किती लहान होती हे वाचकांना नजरेनेच कळेल.

– एक नाणेसंग्राहक, सातारा