कळप दिसण्याआधीच कुत्र्याला पट्टा बांधा

महोदय,

पावसाळा सरला की पवना, मुळशी, भाटघर या धरणांच्या काठांवर आणि लोहगड-विसापूरच्या पायवाटांवर सुटीच्या दिवशी शहरांतून येणाऱ्या मंडळींबरोबर त्यांचे पाळीव कुत्रेही आता बरेच दिसू लागले आहेत. नेमक्या याच दिवसांत पुरंदर, बारामती, फलटण, माण-खटाव या कोरड्या भागांतले मेंढपाळ आपले वाडे, म्हणजे मेंढरे आणि बिऱ्हाडासह फिरते मुक्काम, घेऊन मावळाकडे आणि पुढे कोकणात निघतात, कापणी झालेल्या रानांत मेंढरे बसवून शेतकऱ्याला खत देतात आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. एकाच माळावर मोकळा कुत्रा आणि चरणारा कळप समोरासमोर आले की नुकसान बहुधा मेंढपाळाचेच होते, म्हणून हे पत्र.

‘आमचा कुत्रा काही करत नाही’ असे मालक मनापासून सांगतात आणि घरापुरते ते खरेही असते. पण पळणाऱ्याच्या मागे लागणे ही कुत्र्याची उपजत प्रवृत्ती आहे आणि एकत्र पळत सुटणे हा मेंढराचा एकमेव बचाव आहे. त्यामुळे लॅब्रॅडॉरसारखा लाडाचा कुत्राही केवळ खेळायच्या ओढीने कळपात शिरू शकतो, आणि एकदा पाठलाग सुरू झाला की मालकाच्या हाका त्याच्या कानावर पडत नाहीत. चावा घेतलाच पाहिजे असेही नाही. बिथरलेली मेंढरे ओढ्यात, खाचेत किंवा कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून आत बसवलेली असतील तर एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून चेंगरतात आणि गुदमरून मरतात. मेंढीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. शेवटच्या दिवसांत ती अशी धावली, तर त्या वेळी धडधाकट दिसली तरी नंतर गाभ टाकू शकते. तोवर कुत्र्याचा मालक आपल्या गावी पोहोचलेला असतो आणि मेंढपाळाचा वाडा पुढच्या मुक्कामाला हललेला असतो.

मेंढपाळांकडेही कुत्री असतातच की, असा मुद्दा काही जण मांडतात. ती पिल्लू असल्यापासून त्याच कळपात वाढलेली असतात आणि परक्या कुत्र्याला अंगावर घेण्यासाठीच ठेवलेली असतात, हे येथे ध्यानात घ्यावे. म्हणजे धोका शहरातल्या कुत्र्यालाही आहे.

गाई-म्हशींची गोष्ट वेगळी आहे. वासरू किंवा रेडकू जवळ असेल तर त्या पळत नाहीत, कुत्र्यावर चालून जातात. घाबरलेला कुत्रा आपल्या माणसाकडे धाव घेतो आणि मग तो माणूसच जनावराच्या पायाखाली येतो. म्हणून एरवी पट्टा घट्ट धरावा, पण गाय-म्हैस खरोखरच अंगावर आली तर तो हातातून सोडून द्यावा. कुत्रा सुटून दूर जातो, त्याच्या मागे जनावरही जाते आणि माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो.

विष्ठेचा प्रश्न कमी दिसतो म्हणून दुर्लक्षित राहतो. निओस्पोरा नावाचा परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यात मिसळला की गाई गाभडतात. कुत्र्याच्या आतड्यातील एका लहान पट्टकृमीमुळे मेंढरांच्या आणि माणसांच्याही यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. रेबीजची लस दिली म्हणजे ही काळजी मिटत नाही. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने जंतनाशक देणे, कच्चे मांस न घालणे आणि चराऊ रानातली विष्ठा पिशवीत भरून परत नेणे, हे मालकाचेच काम आहे. आम्ही पशुपालकांनीही मेलेल्या मेंढराचे अवयव वाड्यावरच्या कुत्र्यांपुढे टाकणे बंद केले पाहिजे, कारण रोगाचे हे चक्र तिथेही चालू राहते.

कायद्याची बाजू मात्र लंगडी आहे. बिबट्याने मेंढी मारली तर वन विभागाकडून भरपाई मिळण्याची सोय आहे. पाळीव कुत्र्याने मारली तर तशी कोणतीच सोय नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये प्राण्याबाबत हलगर्जीपणा करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, परंतु त्यातला विचार माणसाच्या जिवाचा व गंभीर दुखापतीचा आहे, गुराढोरांचा नाही. ब्रिटनमध्ये १९५३ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात जनावरांचा नुसता पाठलागही गुन्हा ठरतो. स्कॉटलंडने २०२१ मध्ये शिक्षा वाढवून ती ४० हजार पौंडांपर्यंत दंड आणि १२ महिन्यांपर्यंत कैद अशी केली. तेवढा दंड आपल्याकडे असावा, असे मी म्हणत नाही. पण पाठलाग हेच नुकसान आहे, ही गोष्ट कायद्याने मान्य करावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

तोपर्यंत ग्रामपंचायतींना आणि धरणांकाठी तंबू भाड्याने देणाऱ्यांना बरेच करता येईल. आरक्षण घेतानाच कुत्रा पट्ट्याने बांधून ठेवण्याची अट घालावी आणि जवळपास वाडा उतरला असेल तर पाहुण्यांना तसे सांगावे. लांब सुटणाऱ्या दोरीपेक्षा दोन मीटरचा साधा पट्टा बरा, आणि तो कळप दिसल्यावर नव्हे, गाडीतून उतरतानाच बांधावा.

एवढे करूनही कुत्रा कळपात शिरला, तर मालकाने तेथून निघून जाऊ नये. मेंढपाळाला आपला फोन क्रमांक द्यावा आणि १९६२ या क्रमांकावरून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागावी. लोकरीखालची चाव्याची जखम वरून किरकोळ दिसते आणि पुढे चिघळते, त्यामुळे सगळी मेंढरे तपासून घेणे आणि त्याचा खर्च उचलणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कुत्र्याच्या लसीकरणाचा दाखलाही त्याच वेळी दाखवावा, म्हणजे चावलेल्या जनावरांना रेबीजची लस द्यायची का, हे डॉक्टरांना लगेच ठरवता येईल.

आपला,
एक पशुपालक, पवन मावळ (जि. पुणे)