आरशात न दिसणारा यजमान

संपादक महोदय,

सिनेमे पाहून झाल्यावर ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) वाचली आणि हबकलेच. काउंट ड्रॅक्युला या रक्तपिपासू उमरावाच्या किल्ल्यात पाहुणा आलेला तरुण वकील हार्कर दाढी करत असतो. खांद्यावर हात पडतो, पण आरशात मागे कुणीच नाही! मग काउंट तो आरसाच खिडकीबाहेर भिरकावतो. रोजनिशा, पत्रं, तारा यांतून कथा उलगडते. पुढे काउंट फारसा दिसत नाही, म्हणूनच धास्ती वाढते.

ले फानू या आयरिश लेखकाची ‘कार्मिला’ मात्र मला अधिक भिडली. ती पंचवीस वर्षं आधीची. एकाकी लॉराला मैत्रीण हवी असते आणि पाहुणी म्हणून घरात येते ती रक्त पिणारी कार्मिला. शेवटच्या ओळीतही लॉराला दाराशी तिच्या हलक्या पावलांचा भास होतो. फार गलबललं. प्रकाशकांनी अशा कादंबऱ्या काटछाट न करता मराठीत आणाव्यात.

– एक वाचक, सातारा