‘मानापमान’ केवळ पदांचे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील संगीत रंगभूमीवरील लेखात ‘संगीत मानापमान’चा इतिहास ८ जुलै १९२१ च्या ‘संयुक्त मानापमान’पासून सुरू होऊन तिथेच संपला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व नायिका भामिनी म्हणून आणि ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीचे केशवराव भोसले नायक धैर्यधर म्हणून, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात एकत्र उभे राहिले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव निवर्तले, या प्रयोगाची आख्यायिका व्हावी यात नवल नाही. परंतु नाटक त्याआधी दहा वर्षे रंगभूमीवर होते.

किर्लोस्कर नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईतच, रिपन थिएटरात केला. ज्यांचे ‘कीचकवध’ नाटक ब्रिटिश सरकारने वर्षभरापूर्वीच बंद पाडले होते, त्या काकासाहेब खाडिलकरांचे हे पहिले संगीत नाटक. गोविंदराव टेंबे यांनी त्याला ठुमरी-दादऱ्याच्या उत्तरेकडील वळणाच्या चाली दिल्या आणि साकी-दिंडीसारख्या जुन्या मराठी छंदांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्या डोक्यावर घेतल्या. पुढे बळवंत संगीत मंडळीत मास्टर दीनानाथांनी धैर्यधर आपल्या आक्रमक गायकीने वेगळाच उभा केला.

या यशाची किंमत मात्र गद्याने मोजली, असे माझे मत आहे. धनाच्या मानापेक्षा शौर्याचा मान मोठा, हा खाडिलकरांचा मुद्दा पदांपेक्षा संवादांतून पुढे सरकतो. श्रीमंत पण भित्र्या लक्ष्मीधराची फजिती आणि वनमाला बनून आलेल्या भामिनीचे हळूहळू पालटणारे मन गद्यावाचून कळतच नाही. गणपतराव बोडसांचा लक्ष्मीधर गाजला, तो काही तानांवर नव्हे. आज मात्र नाटक अडीच तासांत बसवायचे म्हटले की कात्री आधी याच प्रवेशांवर चालते, आणि प्रेक्षक ‘नाही मी बोलत नाथा’ला ‘वन्समोअर’ देऊन समाधानाने घरी जातो.

संपादन करूच नये, असा माझा हट्ट नाही. रात्रभर चालणारे प्रयोग आता कोणाला परवडणार? तरीही आपल्यासारख्या दैनिकांत येणाऱ्या जाहिरातीत प्रयोग संपूर्ण संहितेचा आहे की संपादित, आणि संपादन कोणाचे, एवढे छापण्याचा आग्रह निर्मात्यांकडे धरता येईल. परीक्षणातही गायकांबरोबर लक्ष्मीधराचे काम करणाऱ्या नटाविषयी चार ओळी याव्यात.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, दादर, मुंबई